स्वॉच (माप तपासायचा छोटा तुकडा) विणायचा, धुवायचा, मगच मोजायचा. पटतंय का?

उलटसुलट
स्वेटर अंगरख्यासारखा झाला, टोपी डोळ्यांवर आली, बाही बोटांच्या पुढे गेली, अशा तक्रारी आल्या की खाली पहिला प्रश्न ठरलेला: "स्वॉच विणला होता का?" विणलेला असतो हो. पण कसा? वीस टाके घालायचे, आठ-दहा ओळी विणायच्या, सुईवर असतानाच पट्टी लावायची आणि "जमतंय" म्हणून मोकळं व्हायचं. ही नुसती मनाची समजूत झाली.

साधा हिशोब बघा. नमुन्यात १० सेमीला २२ टाके दिलेत आणि घेर १०० सेमी हवाय, म्हणजे २२० टाके. तुमच्या हाताने १० सेमीत २० टाके बसत असतील, तर त्याच २२० टाक्यांचे ११० सेमी होतात. हात घट्ट असून २४ बसले तर ९२ सेमीसुद्धा भरत नाहीत. मोजताना "अर्धा टाका इकडेतिकडे" म्हणून सोडला तरी पूर्ण घेरात सव्वादोन सेमीचा फरक पडतो.

म्हणून माझं म्हणणं: स्वॉच किमान १५ सेमी रुंद आणि तेवढाच उंच. २२ टाक्यांच्या लोकरीला ३४-३६ टाके घाला, म्हणजे कडेचे टाके सोडून मधले १० सेमी मोजता येतात. कडेचे टाके नेहमी सैल किंवा वेडेवाकडे असतात, ते मोजणीत धरायचेच नाहीत. टाके बंद करा, स्वेटर पुढे जसा धुणार तसाच तुकडा धुवा, सपाट वाळवा आणि तीन वेगवेगळ्या ठिकाणी मोजून सरासरी घ्या. कोणाला हे अति वाटतं का?

गुंतवळ
+१. दोन गोष्टी जोडते. सुईवर असताना टाके रुंदीत ताणलेले असतात, त्यामुळे तिथलं माप कधीच खरं नसतं. आणि स्वॉच ज्या सुयांवर, स्वेटरही त्याच सुयांवर. ४ मिमीची बांबूची सुई आणि ४ मिमीची धातूची सुई एकच माप देतील असं नाही. बांबूवर लोकर अडते, धातूवर घसरते, आणि हात आपोआप त्याप्रमाणे ओढ बदलतो.

कंटाळा_आला
अति वाटतं. मफलरला स्वॉच कशाला? अर्धा मफलर विणून होतो तेवढ्यात.

उलटसुलट
@कंटाळा_आला, मफलरला नकोच. पाच सेमी कमीजास्त झाला तर गळा तक्रार करत नाही. पण शाल असेल आणि गुंडे मोजून आणलेले असतील तर निदान ओढ तपासा. सैल विणीत टाका मोठा होतो, तेवढ्याच टाक्यांना लोकर जास्त लागते आणि शेवटच्या चार ओळी उरल्या असताना गुंडा संपतो. वाढत जाणाऱ्या शालीत तर शेवटच्या ओळीच सगळ्यात लांब!

टोपीवाली
मधला मार्ग: टोपीच विणा. विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांची ही जुनी शिफारस आहे. गोल विणलेली टोपी म्हणजे भरपूर रुंद स्वॉच, शिवाय फुकट जात नाही. आपल्या डोक्याला नाही बसली तर कुणाच्या तरी बसते.

त्यांची टक्केवारीची पद्धतही इथे उपयोगी पडते. गेज, म्हणजे एका सेमीत किती टाके बसतात ते, कळलं की छातीचा घेर गुणिले गेज म्हणजे १०० टक्के टाके. मनगटाशी २० टक्के, दंडाशी ३३ ते ३५, गळ्याला साधारण ४०. २२० टाक्यांच्या स्वेटरला मनगटाशी ४४, दंडाशी ७२ ते ७७, गळ्याला ८८. मग छापील नमुना हातात नसला तरी अडत नाही.

दोन_सुया
टोपीवाली, टोपीचं गेज गोल विणीचं. उघडझाप करणारं पुढून खुलं जॅकेट विणायचं असेल तर ते चालणार नाही. गोल विणताना साध्या विणीत सगळ्या फेऱ्या सुलट असतात. सपाट विणताना एक ओळ सुलट, एक उलट. बहुतेकांची उलट ओळ सुलटपेक्षा सैल असते, कारण नेहमीच्या पद्धतीने उलट टाका घेताना लोकर सुईभोवती थोडा लांबचा रस्ता धरते. विणीच्या मागच्या बाजूला दर दोन ओळींनी चर दिसत असेल तर ओळखा, हाच दोष आहे.

उपाय दोन. एक: उलट ओळींना बारीक सुई. बदलत्या टोकांचा संच असेल तर एका टोकाला ४ मिमी, दुसऱ्याला ३.५ मिमी लावा आणि बारीक टोकाने उलट ओळ विणा. दोन: उलट टाका घेताना लोकर सुईला उलट दिशेने गुंडाळा, टाका घट्ट येतो. पण मग तो सुईवर आडवा बसतो, म्हणजे त्याचा पुढचा पाय मागे जातो. पुढच्या सुलट ओळीत तो मागच्या बाजूने विणावा लागतो, नाहीतर प्रत्येक टाक्याला पीळ पडतो.

गोल कामाचा छोटा स्वॉच हवा असेल तर गोल सुईवर टाके घाला, ओळ सुलट विणा, काम उलटवू नका. टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, लोकर मागून सैल सोडा आणि पुन्हा सुलट. मागे सोडलेला धागा तुकड्याच्या रुंदीपेक्षा लांब असू द्या, नाहीतर तुकडा आवळून खोटं माप देतो. शेवटी ते धागे मधोमध कापून मग धुवा.

कंटाळा_आला
एवढं वाचण्यात माझी बॉर्डर झाली असती.

गुंतवळ
@कंटाळा_आला, आणि उसवूनही झाली असती. 😀

साखळीबाई
इथे सगळे सुयांवरच बोलताय, क्रोशेवाल्यांचं काय? आमचं दुखणं वेगळं. सुई बदलून रुंदी जुळते, पण खांबाची, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्याची, उंची जुळतेच असं नाही. उंची ठरते पहिल्या वेढ्यात दोरा ओढून घेताना तुम्ही तो फासा किती वर नेता त्यावर. काही जण ओढून घेतात, काही सुई जेमतेम उचलतात. त्यामुळे एकाच सुईने, एकाच दोऱ्याने दोघींचे खांब वेगळ्या उंचीचे. टाके जुळले आणि ओळी कमी पडल्या तर सुई बदलू नका, तो पहिला फासा जरा कमी उचला.

आणि नमुना ब्रिटिश आहे की अमेरिकन ते आधी बघा. अमेरिकन 'डबल क्रोशे' म्हणजे आपला खांब, ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणजे मुका खांब, बुटका टाका. नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' दिसलं की तो अमेरिकन समजा, ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. हे न बघता स्वॉच विणला तर गेज जन्मात जुळणार नाही.

निसटलेला_टाका
सुयांच्या नंबरांचाही हाच घोळ आहे. जुन्या ब्रिटिश मापात नंबर वाढला की सुई बारीक, अमेरिकन मापात नंबर वाढला की जाड. १० नंबर ब्रिटिश म्हणजे ३.२५ मिमी, १० नंबर अमेरिकन म्हणजे ६ मिमी. ८ नंबर ब्रिटिश ४ मिमी, ८ नंबर अमेरिकन ५ मिमी. जुन्या सुयांवरचा आकडा पुसला असेल तर भोकांची मापपट्टी वापरा: ज्या सगळ्यात लहान भोकातून सुई न अडता जाते ते तिचं माप. आणि नमुना लिहून ठेवताना मिलिमीटरच लिहा.

झालर
थोडं अवांतर. क्रोशाचा गोल सपाट राहतच नाही, कडेला झालर येते. टाके तर मोजून वाढवलेत. हाही गेजचाच प्रकार का?

साखळीबाई
@झालर, अर्धा गेजचा, अर्धा संख्येचा. मुक्या खांबांचा गोल ६ टाक्यांनी सुरू होतो आणि प्रत्येक फेरीत ६ वाढतात: ६, १२, १८, २४. अर्ध्या खांबांना साधारण ८, खांबांना १२. कारण टाका जितका उंच तितकी फेरी केंद्रापासून लांब जाते आणि परीघ भरायला टाके जास्त लागतात. झालर येतेय म्हणजे टाके जास्त. वाटीसारखं वर वळतंय म्हणजे कमी.

आकडे बरोबर असूनही झालर येत असेल तर तुमचे खांब उंचीला बुटके आहेत. फासा थोडा वर उचला, किंवा एखादी फेरी न वाढवता विणा. आणखी एक, वाढीचे टाके दर फेरीत एकावर एक आले की गोलाचा षटकोन होतो. म्हणून एका आड एक फेरीत वाढीची जागा अर्ध्या अंतराने सरकवा. 'दोन टाके, एक वाढ' अशी फेरी असेल तर 'एक टाका, एक वाढ, एक टाका' अशी सुरुवात करा.

दोन_सुया
झालर मुद्दाम वाढवत नेली तर गणित होतं. डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये अशाच सतत वाढणाऱ्या टाक्यांनी हायपरबोलिक, म्हणजे सगळीकडे झालरीसारखा वळणारा, पृष्ठभाग क्रोशावर विणला. ठरावीक टाक्यांनंतर एक वाढ, प्रत्येक ओळीत, कुठेही न थांबता. कागदाची प्रतिकृती फाटायची, क्रोशाची हाताळता येते.

झालर
म्हणजे माझा टेबलमॅट फसलेला नाही, संशोधन आहे! धन्यवाद साखळीबाई, फासा उचलून बघते.

गुंतवळ
मूळ विषयावर येऊ. 'धुऊन मोजा' यावर कोणी फार बोललं नाही, पण खरी गोम तिथेच आहे, आणि ती तंतूप्रमाणे बदलते.

साधी लोकर: कोमट पाण्यात २०-३० मिनिटं बुडवून ठेवा, चोळू नका, पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा. टाके एकसारखे बसतात, थोडी वाढते. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि तुकडा आटून नमदा होतो. तो परत सुटत नाही.

सुपरवॉश लोकर: इथे सगळ्यात जास्त फसगत होते. खवले रसायनाने बोथट करून वर पातळ लेप दिलेला असतो, म्हणून ती मशीनमध्ये आटत नाही. पण तंतू एकमेकांना धरूनही ठेवत नाहीत. ओली झाली की तुकडा पसरतो, कधीकधी आडवा-उभा दोन्हीकडे. कोरड्या स्वॉचवर विश्वास ठेवून विणलेला मोठा स्वेटर पहिल्या धुण्यात एक माप वर जातो तो यामुळे. लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये थोडा वेळ फिरवून बराचसा परत येतो.

सुती: धुतल्यावर उंचीला आखडते, अंगावर घातल्यावर वजनाने लोंबते. सुती स्वॉच वाळल्यावर खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून एक दिवस टांगून ठेवा आणि मग ओळी मोजा.

निसटलेला_टाका
अ‍ॅक्रिलिक राहिलं.

गुंतवळ
हो, ते वेगळंच प्रकरण. पाण्याने त्याला काही फरक पडत नाही, वाफेने पडतो. इस्त्री दोन-तीन सेमी वर धरून नुसती वाफ द्या, टेकवू नका. वाफ जास्त झाली की तंतू मऊ पडून वीण कायमची लुळी होते, रिबची (उलट-सुलट टाक्यांच्या ताणणाऱ्या पट्टीची) लवचीकता जाते. शालीला असा पडदेदार लुळेपणा मुद्दाम आणतात. मोज्याला आणि बाहीच्या बॉर्डरला चुकूनही नको.

कंटाळा_आला
आणि लेबलच हरवलेल्या गुंड्याचं काय? लोकर आहे की अ‍ॅक्रिलिक कसं ओळखायचं?

दोन_सुया
जाळून. ५-६ सेमी तुकडा चिमट्यात धरा, खाली धातूची ताटली, शेजारी पाणी. लोकर ज्योत काढली की हळूहळू विझते, केस जळल्याचा वास येतो, राख बोटाने चुरते. सुती धागा कागदासारखा जळतो, करडी हलकी राख. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं, काळा धूर निघतो आणि टोकाला कडक काळा मणी राहतो, तो चुरत नाही. मिश्र धाग्यात दोन्ही लक्षणं दिसतात.

धागा जोडायलाही हे कळायला हवं. साध्या लोकरीची दोन टोकं उकलून, ओली करून तळहातावर जोरात घासली की एकजीव होतात, गाठ लागत नाही. सुपरवॉश, सुती आणि अ‍ॅक्रिलिकला हे जमत नाही. तिथे सुईने टोक त्याच धाग्याच्या पोटात ओवायचं.

मानगूट
इथेच विचारू का? गेज बरोबर, घेर बरोबर, पण गळ्यातून डोकं जात नाही. गळ्याची पट्टी रिबची आहे, वरून टाके बंद केलेत.

टोपीवाली
@मानगूट, रिब ताणते, बंद केलेली कड ताणत नाही. फक्त शेवटची ओळ उसवा. मग: दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा, झालेला टाका डाव्या सुईवर परत टाका, तो आणि पुढचा पुन्हा मागच्या बाजूने एकत्र. असंच शेवटपर्यंत. परत टाकलेला टाका आवळू नका. नुसती दोन माप जाड सुई घेऊन नेहमीसारखे बंद केले तरी बराच फरक पडतो.

खालून सुरू केलेल्या कामात हाच प्रश्न टाके घालताना येतो. तेव्हा 'दोन सुया एकत्र धरून टाके घाला' असा सल्ला मिळतो. त्याने फासे मोठे होतात, पण त्यांना जोडणारी खालची दोरी तेवढीच आवळलेली राहते. एकाच सुईवर घाला आणि दर दोन टाक्यांमध्ये बोटाचं टोक मावेल एवढी जागा सोडा.

मानगूट
उसवायला बसतो. शेवटच्या ओळीखाली दोरा ओवून ठेवू का आधी?

टोपीवाली
ठेवाच. गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा, बोथट सुईने त्या ओळीच्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून. खुणेची कडी वाटेत आली तर ती आधी काढा, तिच्यातून दोरा गेला तर ती तिथेच अडकून बसते.

रॅग्लान
उशिरा आलो, धागा छान रंगलाय. उलटसुलट, तुमचा स्वॉच सांगितला तसा केला, धुतला, वाळवला. टाके अगदी २२. पण ओळी नमुन्यात ३० आणि माझ्या २७. सुई बदलली की टाके बिघडतात. आता?

उलटसुलट
@रॅग्लान, हा खरा प्रश्न. दोन्ही जुळणं नशिबाचा भाग, त्यामुळे टाके जुळवा आणि ओळी हिशोबात घ्या. अंग आणि बाहीची सरळ लांबी ओळींवर नव्हे, सेंटिमीटरवर विणा, तिथे काही बिघडत नाही. बिघडतं ते खांद्याच्या तिरक्या भागात, कारण तिथे वाढ ओळींना बांधलेली असते.

समजा वरून खाली विणायचा रॅग्लान (गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेघेने बाही जोडलेला स्वेटर) आहे आणि नमुन्यात ६० फेऱ्यांत ३० वाढी, एक आड एक फेरीत. ३० ओळींच्या गेजने ते २० सेमी होतात. तुमच्या २७ ने २२.२ सेमी, म्हणजे काखेची खोली दोन सेमीने वाढली आणि बाही खाली लटकणार. तुम्हाला २० सेमीसाठी ५४ फेऱ्या हव्यात, पण वाढी तीसच. तर चार वाढी नेहमीप्रमाणे एक आड एक फेरीत, म्हणजे ८ फेऱ्या, आणि पाचवी वाढ लगेच पुढच्या फेरीत. ९ फेऱ्यांत ५ वाढी झाल्या. हेच सहा वेळा केलं की ५४ फेऱ्या आणि ३० वाढी.

रॅग्लान
वा! आणि वाढीची फेरी लागोपाठ आली तर तिथे भोक नाही का दिसणार?

उलटसुलट
जाळीची वाढ (सुईवर नुसता वेढा घेऊन केलेली) असेल तर दिसेल, आणि लागोपाठच्या दोन जाळ्या जवळ आल्याने रेघ तिथे तुटल्यासारखी वाटेल. दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून, पीळ देऊन विणायची वाढ घ्या. फक्त लागोपाठच्या फेऱ्यांत तो आडवा धागा आवळलेला असतो, म्हणून आधीची फेरी त्या जागी जरा सैल हाताने विणा.

कंटाळा_आला
ठीक आहे, हरलो. पण एवढा धुतलेला स्वॉच उसवून लोकर वापरता येते का, की तोही फ्रेम करून भिंतीवर लावायचा?

गुंतवळ
लोकर कमी पडली तरच उसवा. धुतलेली लोकर कुरळी निघते आणि तशीच विणली तर टाके असमान येतात. लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवून वजन न लावता टांगून वाळवा, मग गुंडा करा. मोहेर असेल तर त्या नादाला लागू नका, केस एकमेकांत अडकलेले असतात. लोकर पुरत असेल तर तुकडा तसाच ठेवा, सोबत लेबल आणि सुईचं माप लिहून. कोपराला भोक पडलं की रफू करायला त्याच लॉटची लोकर तिथूनच मिळते.